सागवानी समाजसेवा

लाकडाच्या पॉलिशचा वास आला की चाकणच्या कंपनीतले आमचे साहेब आठवतात आणि तोंड कडू होतं. कैद्यांनी केलेल्या सागवानी खुर्च्या त्यांनी केबिनसाठी हौसेनं आणल्या होत्या. येईल त्याला सांगायचे, "तेवढीच समाजसेवा."

एकदा शिक्षा भोगून सुटलेला सुतार पॅकिंगच्या खोक्यांचं काम मागायला आला. बसताना त्यानं खुर्चीच्या पाठीवर बोटं फिरवली.

"साहेब, ही माझ्याच हातची."

"झकास झालीये. पण तुरुंगातला माणूस कंपनीत कसा घेऊ, बाबा?"

तो नमस्कार करून गेला. तसल्याच खुर्चीत रेललेले साहेब मला म्हणाले, "तो बसलेला, ती खुर्ची पुसून घे."

मी पुसली. तेव्हा साहेबांची किळस आली होती. आता माझ्या हातातल्या त्या फडक्याची येते.