ताईंच्या माथी मारलेली चूक

कारंजा गावातल्या डोळ्यांच्या एका दवाखान्यात मी कंप्युटरची कामं बघायचो. पेशंटच्या सगळ्या नोंदी एका कंपनीच्या विकतच्या डाटाबेसमध्ये होत्या, आणि लायसन्सचे पैसे दरवर्षी भरावे लागत. एकदा डॉक्टर त्या बिलावर सही करत असताना मी म्हणालो, "सायेब, हे पैसे कायले देता? ओपन सोर्समधी हेच काम फुकटात होते. मी लावून देतो."

"पूर्ण फुकट?"

"एक रुपया नाही."

त्यात खोटं काही नव्हतं. ते सॉफ्टवेअर चांगलंच होतं, आजही आहे. पण कंपनीला दिलेल्या पैशात त्यांच्या माणसाने फोन उचलणं होतं, बॅकअप तपासणं होतं. ते काम आता कोण करणार, हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मीही तो विषय काढला नाही. मला फक्त हुशार दिसायचं होतं.

काउंटरवरच्या कंप्युटरवर एक ताई बसायच्या. नव्या स्क्रीनवर अडलं की मला फोन करायच्या. महिनाभर मी उचलले. मग वाशीमला दुसरी कामं मिळाली आणि मी फोन नुसता वाजू देऊ लागलो. शेवटी त्यांनीच कुठलं बटण कधी दाबायचं ते एका वहीत लिहून काढलं. एकदा भेटल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊ, बॅकअप होऊन राह्यला ना?"

"आपोआप होते, ताई. तुमी टेन्शन नोका घेऊ."

होत होता खरा, पण त्याच हार्डडिस्कवर. दुसरी डिस्क आणून लावायची, हे मी पुढे ढकलत राहिलो.

सात महिन्यांनी एका सोमवारी मशीन सुरूच झालं नाही. डिस्क गेली होती आणि तिच्यासोबत बॅकअपही. जुन्या नोंदी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये तशाच होत्या, पण सात महिन्यांत कुणाच्या डोळ्यात कोणत्या नंबरचं भिंग बसवलं, ते सगळं पुसलं गेलं. डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. ताई दारातच उभ्या होत्या.

"हे झालं कसं?"

मी विचार करायलाही थांबलो नाही. "शनिवारी मशीन नीट बंद नसंल केलं. डायरेक्ट बटण दाबलं की असं होते."

डॉक्टरांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी माझ्याकडे. मग त्या काउंटरवर परत गेल्या.

केसपेपरचे गठ्ठे काढून ती सात महिन्यांची नोंद ताईंनीच पुन्हा टाइप केली, पेशंट आटोपल्यावर रोज थोडी थोडी. दोन महिने लागले. मी त्या काळात एकदाही गेलो नाही. मग दवाखान्याने परत कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं, कंप्युटरवर नवी मुलगी बसवली आणि ताईंना केसपेपरच्या खिडकीवर पाठवलं.

वर्षभराने त्या मला एसटी स्टँडवर दिसल्या. मी वळून जाणार होतो, पण त्यांनी पाहिलं होतं. शेजारी बसून मी म्हणालो, "ताई, ती चूक माही होती. तुमची नाही."

"मले माहीत हाय. त्या शनिवारी मी किन्हीराजा गावाले होती, बहिणीच्या घरी. मशीनले माहा हातच नव्हता लागला."

"मंग तेवा काहून नाही बोलल्या?"

"तुमी कंप्युटरवाले. माह्यं कोनं ऐकलं असतं? आन् त्या दिवशी कोण होतं, हे एकानंबी इचारलं नाही."

त्यांची बस लागली. पिशवी उचलत त्या म्हणाल्या, "मले नका सांगू, भाऊ. सायेबाले सांगा."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हे तवाच सांगायचं होतं." त्यांनी ताईंना आत बोलावून माझ्यासमोर माफी मागितली आणि कंप्युटरवर परत बसायला सांगितलं.

"नाही सायेब," ताई म्हणाल्या, "ते पोरगी चांगलं करून राह्यली. तिले कायले उठवता?"

दवाखान्याने मला पुन्हा काम दिलं नाही. मागच्या महिन्यात आईचे डोळे दाखवायला मात्र तिथेच जावं लागलं. खिडकीवर ताई होत्या. त्यांनी आईचं नाव विचारून केसपेपर लिहिला, तिला बाकावर बसायला सांगितलं. मी उभाच होतो. त्यांनी मान वर केली नाही, मागच्या माणसाला पुढे बोलावलं.