बोकडाचे दात आणि कार्डाचे कप्पे

कंपनीच्या प्रोग्राममध्ये माझ्या नावावर जाणारा पहिला बदल मी पाटोद्याच्या बाजारात, रसवंतीच्या बाकावर बसून पूर्ण केला.

आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिलाच. माझी फी शेळ्या विकून भरली, म्हणून "ह्याला शेळ्यांनी शिकवलं," असं दादा, म्हणजे माझे वडील, सगळ्यांना सांगतात. ते खरंच आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

पुण्यात मी नेटवर्क कार्डाच्या प्रोग्रामवर काम करतो. संगणकाला इंटरनेटशी जोडणारं हे कार्ड. त्याच्या पोटात रजिस्टर नावाचे बारीक कप्पे असतात. काही घडलं की कार्ड त्यात खूण ठेवतं आणि ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम ती खूण वाचून पुढचं काम करतो. हे कप्पे माणसालाही बघता यावेत, अशी सोय मला करायची होती. प्रश्न एवढाच होता, की कुणाला? संगणकाचा पूर्ण अधिकार असलेल्यालाच, की कुणालाही?

बाजाराच्या आदल्या दिवशी मी लिहिलं होतं, "सर्वांना. नुसतं बघायचंच तर आहे."

सकाळी आमच्या मॅडमचं, म्हणजे माझं काम तपासणाऱ्या वरिष्ठांचं, उत्तर आलं, "नीट विचार करा. संध्याकाळपर्यंत कारणासकट कळवा, नाहीतर बदलांच्या या खेपेत हे जाणार नाही." पुढची खेप यायच्या आत मला नोकरीत कायम करायचं की नाही, हे ठरणार होतं. दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

मी सुट्टीवर गावी आलो होतो. बकरी ईद तोंडावर होती आणि दादांना बोकड विकायचा होता. लॅपटॉप पाठीवर घेऊन मीही बाजारात गेलो.

ईदचा बोकड वर्षाचा भरलेला लागतो आणि ते त्याच्या दातांवरून कळतं; पुढचे दोन पक्के दात आले की वर्ष भरलं. त्यामुळे येणारा प्रत्येक जण आधी बोकडाचं तोंड उघडे. घेणारा उघडे, न घेणाराही उघडे. एक जण तर चहा पीत आला, एका हाताने जबडा फाकवून म्हणाला, "दोन दाती हाय, लई बेस," आणि निघून गेला.

मी म्हणालो, "दादा, ह्यांना घ्यायचं न्हाई तर बघतात कावून?"

"बघू दे की लेका. बघून काय दात झिजत्यात का?"

हे तर माझंच मत होतं. मला बरं वाटलं.

दुपारी खरं गिऱ्हाईक आलं. दादांची मोटरसायकल दुरुस्त करणारे उस्ताद. त्यांनी हात पुढे केला आणि सकाळपासूनच्या तपासणीला वैतागलेल्या बोकडाने तोंड घट्ट मिटलं. पुन्हा हात नेला तर शिंग उगारलं.

"भाऊ, कुर्बानीचा मामला हाय. दात बघितल्याबिगर कसा घेऊ?"

"दोन दाती हाय, उस्ताद! इचारा कुणालाबी!"

आजूबाजूचे पाच-सहा जण लगेच साक्षीला धावले. "मी बघितलेत!" "मीबी!"

"तुमी समद्यांनी बघितलं," उस्ताद म्हणाले, "आन् घेणार मी. मलाच दिसंना!"

सगळे हसले. मी हसता हसता थांबलो. आमच्या कार्डातले काही कप्पे एकदा वाचले की आपोआप कोरे होतात. कुणीही येऊन सहज डोकावलं, तर ज्याला ती खूण खरोखर हवी त्या ड्रायव्हरच्या हाती काहीच उरत नाही. हे मी वाचलेलं होतं. नुसतं वाचलेलं.

दादांनी गर्दी हटवली. बोकडाला सावलीत नेऊन बाभळीच्या शेंगा घातल्या आणि दावं उस्तादांच्या हातात देऊन ओरडले, "आता दावं ज्याच्या हातात, त्योच तोंड उघडंल! बाकीच्यांनी लांबून बघा बे!"

उस्तादांनी दात बघून मान डोलावली आणि मी रसवंतीकडे पळालो, मोबाईलवरून इंटरनेट जोडलं आणि परवानगीची अट घातली: पूर्ण अधिकार असलेल्यालाच. कारणही लिहिलं. रसाचा ग्लास संपायच्या आत मॅडमचा होकार आला. खाली एक प्रश्न होता, "हे काल का सुचलं नाही?"

मी खरं तेच लिहिलं, "काल बाजार नव्हता."

परत येताना दादांनी विचारलं, "झालं का तुझं काम?"

"झालं. आता परवानगीबिगर कुणालाच आत बघता येणार न्हाई."

"आता कशाला?" दादा म्हणाले. "बोकड गेला की."