एक नंबरवरचं मशीन

सोपानआबा रंग घासून चमकवायचं बफिंग मशीन मध्येच बंद करायचे आणि उलटा हात गाडीच्या बॉनेटवर ठेवायचे, लेकराचा ताप बघावा तसा. पत्रा कोमट लागला तर काम पुढे चालू. चटका बसला तर मशीनचा वेग कमी. दौंडला कुरकुंभ रस्त्यावरच्या एका गॅरेजात मी डेंटर होतो, ते पेंटर. अकरा वर्षं शेजारी-शेजारी काढली.

मशीनच्या मुठीजवळच्या चकतीवर वेगाचे एक ते सहा आकडे होते. आबा एकवर पॉलिश पसरायचे, तीनवर घासायचे आणि कडेला आले की पुन्हा एकवर यायचे. "पाच-सहा कंपनीनं उगं काढल्यात," म्हणायचे. त्यांचे वडील खुटबावला मेंढरं राखायचे. "मेंढरं पळवली की लंगडत्यात, आन् रंग पळवला की जळतो." मी एकदा आगाऊपणा करून पाचवर मशीन लावलं आणि एका जीपच्या दाराची कड पांढरी केली. आबा ओरडले नाहीत. "डोळं झाक आन् आवाज ऐक," एवढंच म्हणाले. पुढे मला इतकी सवय झाली, की पाठमोरा असलो तरी मशीन कितीवर आहे ते सांगायचो. आबांना त्याचं भारी कौतुक.

बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. मुलगा विलास पुण्यात नोकरीला. दिवाळीला गॅरेजच्या फोनवर दोन मिनिटं बोलायचा. मला त्यांची फार दया यायची, पण माझं तोंड थट्टेशिवाय उघडत नसे.

एकदा विलासचा निरोप आला, गाडी घेऊन येतोय. त्या दिवशी आबांनी दोन डबे आणले. एकात विलासच्या आवडीची भरली वांगी.

"आबा, बॉनेट आन् वरचा टप तेवढं करा. बाराला निघायचंय," विलास आल्या आल्या म्हणाला. आबांनी स्टूल पुसून त्याला जवळ बसवलं आणि मशीन लावलं. तासभर झाला, दीड तास झाला. आवाज काही चढेना. मशीन एकवरच फिरत होतं.

मी लांबूनच ओरडलो, "आबा, एकवर लावून संध्याकाळ करायचीय व्हय? तीनवर घ्या की!"

विलास हसला आणि त्यानं घड्याळ बघितलं. आबांनी मशीन थांबवून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पण शब्द सुटून गेला होता. त्यांनी मुकाट्यानं चकती तीनवर नेली. बाराच्या आत गाडी चकाकत होती.

"जेवून जा की," आबा म्हणाले.

"पुढच्या वेळी, आबा."

गाडी वळणाआड गेल्यावर त्यांनी दुसरा डबा माझ्यापुढं सरकवला. "तुझा कान लई तयार झाला, दत्तू," म्हणाले. बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. ती वांगी मी मान खाली घालून खाल्ली.

पुढची वेळ आलीच नाही. वर्षभरात आबा गेले. दशक्रियेला विलास त्याच गाडीतून आला. विधी उरकल्यावर माझ्याजवळ उभा राहिला आणि डोळे पुसत म्हणाला, "काका, आमच्या आबांचं एक होतं बघा. त्यांनी मला कधी थांबवून घेतलं न्हाई."

"व्हय," मी म्हणालो.