कळावेबाईंचा कागद

ती शाळा सहावी ते आठवी अशा तीनच इयत्तांची होती. लहान म्हणावं तर ऐकत नाहीत आणि मोठं म्हणावं तर डबा विसरून येतात, अशा वयाची तिथली मुलं. घरी ती काही सांगत नसत. "आज शाळेत काय झालं?" या प्रश्नाला तीनशे बारा मुलांचं एकच उत्तर असायचं, "काही नाही." त्या 'काही नाही'त नेमकं काय काय झालं, ते घरोघरी कळवायचं काम शाळेच्या कार्यालयातल्या एका बाईंकडे होतं. सतरा वर्षं त्या ते करत होत्या.

सगळे त्यांना कळावेबाई म्हणत. प्रत्येक पत्राच्या शेवटी त्या 'कळावे' लिहून खाली सही करत, त्यावरून मुलांनी ठेवलेलं हे नाव. नव्या पालकांना ते आडनावच वाटायचं. एका आजोबांनी तर "कळावे म्हणजे तुम्ही मूळच्या कुठल्या?" अशी चौकशीही केली होती. बाईंनी नावाला कधी हरकत घेतली नाही. खऱ्या आडनावापेक्षा हेच जास्त कामाचं आहे, असं त्या म्हणायच्या.

शाळेत त्या पहिल्यांदा आल्या त्या मात्र भांडायला. त्यांची मुलगी तेव्हा सहावीत होती. सकाळी अकराला ती जिन्यावरून पडली, हात मोडला, आणि शाळेने तिच्या गळ्यात रुमाल बांधून तिला सुट्टी होईपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. आई दहा मिनिटांच्या अंतरावर एका लाँड्रीच्या काउंटरवर कपडे मोजत होती. तिला कळलं ते संध्याकाळी साडेचारला, दप्तरातल्या चिठ्ठीवरून. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' अशी त्या चिठ्ठीची सुरुवात होती आणि हाताचा उल्लेख चौथ्या ओळीत होता.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या आधीच त्या मुख्याध्यापकांच्या दारात उभ्या होत्या. मुख्याध्यापकांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते हताशपणे म्हणाले, "बाई, तीनशे घरांशी कोण बोलणार? माझ्याकडे माणूस नाही."

"मी बोलते," त्या म्हणाल्या.

सुरुवातीला रोज दोन तास होते, नंतर अर्धा दिवस झाला, आणि मग पूर्ण नोकरीच. लाँड्रीवाल्याने निरोप देताना म्हटलं, "तुम्ही तिथे टिकाल. डाग कुठला, कशाचा, हे तुम्ही गिऱ्हाइकाला तोंडावर सांगता."

पहिल्या वर्षी त्यांनी 'सर्व संबंधितांस' काढून टाकलं. दुसऱ्या वर्षी कार्डांचा डबा केला. प्रत्येक मुलामागे एक कार्ड, आणि त्यावर नुसता फोन नंबर नाही. कोणाचे बाबा ट्रक चालवतात आणि गाडी उभी केल्याशिवाय फोन घेत नाहीत. कोणाची आई दवाखान्यात पहाटेच्या पाळीला असते. कुठल्या घरात वाचता येणारं माणूस म्हणजे फक्त थोरली बहीण. कोणाच्या बाबांना ऐकू येत नाही, त्यांना फोन न करता लिहून निरोप पाठवायचा, हे सगळं त्यावर. पुढे शाळेत संगणक आला आणि फोनवर पालकांचा ग्रुप झाला. "आता डबा कशाला?" असं उपमुख्याध्यापकांनी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "ग्रुपवर टाकलं म्हणजे पोचलं असं नसतं, सर."

पत्र लिहायची त्यांची रीत साधी होती. काय झालं, शाळा काय करतेय, पालकांनी काय करायचं, आणि शेवटी, अजून काय माहीत नाही. दर शुक्रवारी घरोघरी जाणारं पत्र त्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याला वाचून दाखवत. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. चाक फिरवत तो ऐकायचा, आणि मध्येच "म्हणजे?" म्हणाला की ते वाक्य बाद. कधीकधी अख्खं पत्र बाद व्हायचं. तेव्हा त्या फणकारत, पण पुन्हा लिहीत.

त्या मंगळवारी मधली सुट्टी अकरा वाजून दहा मिनिटांनी झाली. मुलं मैदानावर गेली. सातवी ब च्या वर्गात एकच मुलगी होती, चित्र पुरं करत बसलेली. दोन मिनिटांत छताचा गिलावा सुटला आणि दाराएवढा तुकडा मागच्या तीन बाकांवर आदळला. मुलगी पुढच्या बाकावर होती. तिच्या कपाळाला एक ढलपी लागली आणि खांदा खरचटला. आवाज ऐकून उपमुख्याध्यापक धावले. बोलताना ते दर दोन शब्दांनी थांबत, म्हणून मुलं त्यांना 'स्वल्पविराम' म्हणत. पण त्या दिवशी ते कुठेही थांबले नाहीत. मुलीला उचलून बाहेर आणलं, वर्गाला कुलूप लावलं, शेजारचे दोन वर्ग रिकामे केले आणि केसांत चुना घेऊन कार्यालयात आले. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, शहराच्या दुसऱ्या टोकाला एका बैठकीत होत्या आणि त्यांचा फोन बंद होता.

खेळाच्या सरांनी मुलीची जखम पुसून वर कापूस दाबला. कळावेबाईंनी तिला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि कार्ड काढलं. आई तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर. तिथे कामाच्या वेळी फोन कपाटात ठेवावे लागत. कार्डावर तिथल्या देखरेख करणाऱ्या साहेबांच्या टेबलाचा नंबर होता. तो फिरवला.

"आईला बोलवा. मुलगी बरी आहे, हे आधीच सांगा आणि मग बोलवा."

आई फोनवर आली तेव्हा तिला धाप लागली होती.

"तुमची मुलगी ठीक आहे, माझ्या शेजारी बसलीय," बाई म्हणाल्या. "आधी तिच्याशी बोला. मग काय झालं ते मी सांगते."

मुलगी म्हणाली, "आई, माझं चित्र खराब झालं." पलीकडे आई रडली, आणि मग तिने नीट ऐकून घेतलं. खेळाच्या सरांनी दवाखान्यात न्यायचं आणि आईने परस्पर तिकडेच यायचं, असं ठरलं.

आता पत्र. बाईंनी संगणकासमोर खुर्ची ओढली. उपमुख्याध्यापक मागे उभे राहिले.

"मोठ्या बाई, येईपर्यंत, थांबू या," ते म्हणाले. "तोवर, तांत्रिक कारणामुळे, वर्ग बदलला आहे, एवढंच टाका."

बाईंनी फोन त्यांच्यासमोर धरला. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं, 'शाळेचं छत कोसळलं.' त्याखाली, 'पाच मुलं आत आहेत म्हणे.' त्याखाली, 'मी निघालोय.'

"सर, तांत्रिक कारण वाचून हे लोक परत फिरतील?"

सर खुर्चीत बसले. "लिहा," ते म्हणाले.

त्यांनी लिहिलं. वेळ लिहिली, वर्ग लिहिला, तुकडा केवढा होता ते लिहिलं. एका मुलीला लागलं आहे, तिच्या आईला कळवलं आहे, बाकी तीनशे अकरा मुलं मैदानावर मोजून झाली आहेत, असं लिहिलं. न्यायचं असेल तर मुलाला न्या, नाहीतर शाळा मैदानावर आणि ग्रंथालयात चालू राहील. गिलावा का पडला, दुसऱ्या वर्गांची छतं कशी आहेत, हे अजून माहीत नाही.

इथे त्यांचा हात थांबला. दीड महिन्यापूर्वी सातवी ब च्या वर्गशिक्षिकेने छतावर ओलीचा डाग पडल्याचं सांगितलं होतं. तक्रारवहीत ती नोंद त्यांनी स्वतः केली होती, स्वतःच्या अक्षरात, आणि नोंद दुरुस्ती खात्याकडेही गेली होती. पण पालकांना त्यांनी काही कळवलं नव्हतं. त्या आठवड्यातला शुक्रवारचा कागद त्यांना चांगला आठवत होता. त्यात हरवलेल्या सात स्वेटरांची यादी होती.

मग त्यांनी आणखी चार वाक्यं लिहिली. 'या छतावर ओलीचा डाग असल्याची तक्रार दीड महिन्यापूर्वी आली होती. दुरुस्ती खात्याला ती कळवली होती. पालकांना कळवली नव्हती. ते काम माझं होतं.'

सर वाकून वाचत होते. "हे, लिहायलाच हवं?"

"हे आज ना उद्या बाहेर येणार, सर. दुसऱ्या कोणी सांगितलं, तर वरच्या ओळीही खोट्या वाटतील."

पावणेबाराला पत्र गेलं. फाटकापाशी तोवर तीस-चाळीस पालक जमले होते. बाईंनी पत्राची प्रत छापून घेतली, शिपाईकाकांकडून एक खुर्ची मागवली, तिच्यावर चढल्या आणि पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. त्या चार वाक्यांना आवाज कमी केला नाही.

गर्दीतले एक बाबा पुढे आले. हातात अजून गाडीची किल्ली होती. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"डाग ठाऊक होता. पडेल हे ठाऊक नव्हतं. खात्याला पुन्हा पुन्हा विचारायला हवं होतं आणि तुम्हाला सांगायला हवं होतं. दोन्ही केलं नाही."

त्या बाबांना भांडायचं होतं, आणि समोरचं माणूस भांडायला जागाच देत नव्हतं. "बरं," ते म्हणाले. "माझा मुलगा कुठाय?"

"मैदानावर, झाडाखाली. गणिताचा तास चालू आहे."

त्यांनी फाटकातून पाहिलं. मुलगा दिसला, आणि तो गणित सोडून दुसरंच काही करत होता. "राहू दे त्याला," ते म्हणाले. त्या दिवशी एकोणीस मुलं घरी गेली, बाकीची राहिली.

दुपारी दीडला मोठ्या बाई आल्या. पत्र त्यांनी वाटेतच वाचलं होतं. दार लावून त्या म्हणाल्या, "ती चार वाक्यं मला न विचारता गेली."

"हो."

"मी असते तर काढायला लावली असती."

"तुम्ही असता तर आपण वाद घातला असता," कळावेबाई म्हणाल्या. "आणि कदाचित तुम्ही ऐकलंही असतं."

मोठ्या बाई खिडकीशी गेल्या. वर्षभर त्या शाळेच्या छतांच्या दुरुस्तीसाठी खात्याकडे खेपा घालत होत्या आणि दर खेपेला 'बघू' एवढंच ऐकून परत येत होत्या. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. शाळेची अब्रू जाईल, असं वाटायचं. आता त्या वळल्या. "माझ्या सगळ्या अर्जांच्या तारखा देते. उद्याच्या पत्रात घाला. सही माझी."

त्या तारखांनी मात्र काम केलं. एकशे चौऱ्याऐंशी पालकांनी ते पत्र हातात घेऊन खात्याच्या नावे निवेदन दिलं. तिसऱ्या दिवशी अभियंता आला. प्रत्येक छत ठोकून पाहिलं आणि चार वर्ग बंद करायला सांगितले. अहवाल आला तसा बाईंनी सगळ्यांना पाठवला, सोबत सोप्या शब्दांतला एक पानभर खुलासाही. नवऱ्याने त्यात सहा वेळा "म्हणजे?" म्हटलं.

मुलगी दोन टाके घेऊन सोमवारी परत आली. सोबत आई होती. ती कार्यालयात आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "साहेबांनी हाक मारली ना, तेव्हा पायातलं बळच गेलं होतं. पण 'मुलगी बरी आहे' हे त्यांनी आधी सांगितलं. तेवढ्यावर चालत फोनपर्यंत आले, ताई."

"कार्डावरचा तो नंबर अजून तोच आहे ना?" बाईंनी विचारलं.

दुरुस्ती पाच आठवडे चालली. बाई रोज चार ओळींचा कागद पाठवत. आज जुना गिलावा काढला. आज जाळी बसवली. आज धूळ फार होती, खिडक्या बंद ठेवल्या. तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस कोणी फिरकलंच नाही. तेव्हा त्यांनी लिहिलं, 'आज काम झाले नाही. ठेकेदार आले नाहीत. कारण कळलेले नाही. कळावे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ठेकेदार स्वतः हजर. सोबत सात कामगार. तडक कार्यालयात येऊन म्हणाले, "बाई, माझी भाची सहावीत आहे. काल जेवताना माझ्या बहिणीने सगळ्यांसमोर ते वाचून दाखवलं. तेही दोनदा."

"मग आजचं काय लिहू?"

"आठ माणसं आली म्हणून लिहा."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, खिडकीतून माणसं मोजली, ठेकेदारासकट आठ भरली, आणि तसं लिहिलं.