भांबुर्डा बघायला गेले तेव्हा

माझं काम म्हणजे दिवसभर लोकांची बोलणी खायची, तीही लेखी. ज्यांनी ऑनलाइन काही मागवलंय आणि ते आलेलं नाही, अशी माणसं चॅटवर येतात आणि मी पनवेलमधल्या आमच्या घरात, डायनिंग टेबलाच्या कोपऱ्यावर बसून त्यांना नम्रपणे कळवते की तुमचं पार्सल लवकरच पोहोचेल. कुठे अडकलंय ते मलाही ठाऊक नसतं. जानेवारीतल्या त्या दिवशी एक बाई मिक्सरच्या भांड्यावरून सकाळपासून माझं डोकं खात होत्या, आणि माझा जीव मुळी टेबलाशी नव्हताच.

माझा नवरा मालवाहू जहाजावर असतो. सात महिने झाले होते त्याला जाऊन. महिनाअखेरीस उतरणार होता. मध्ये समुद्रावरून फोन यायचा, पण कधी येईल याचा नेम नाही आणि आलाच तर दहा मिनिटांत संपायचा. त्या दहा मिनिटांवर मी आठवडा काढायचे, खोटं कशाला बोलू. शेवटचं अर्धं मिनिट सासूबाईंना. त्या फोन कानाला लावून "बरा हायस ना? जेवलास ना?" एवढं विचारायच्या आणि चटका बसल्यासारखा फोन मला परत द्यायच्या. त्यांना बोलायला आवडतच नाही, असं मी सोयीस्करपणे ठरवून टाकलं होतं.

मागच्या फोनवर त्याने पोपटीचा विषय काढला होता. आमच्याकडे थंडीत मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरतात, तळाला आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला कोंबतात आणि मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा पेटवतात. आत पाण्याचा थेंब घालायचा नाही. त्या रानटी पाल्याचा उग्र वास शेंगांत उतरला नाही तर ती पोपटीच नव्हे. वाल निबर झाले की खेळ खलास, मग थेट पुढची थंडी. भांबुर्डा कुठे शिल्लक आहे का बघून ठेव, मी आलो की दुसऱ्याच दिवशी लावू, असं तो म्हणाला होता. बघून ठेवायला लागतं, कारण गेल्या वर्षी आम्ही जिथून पाला काढला तिथे आता मुरुमाचा भराव पडलाय.

तर त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी निघाले. आदल्या दिवशी रस्ता खणताना कुणीतरी इंटरनेटची वायर तोडली होती, त्यामुळे लॅपटॉप माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर चालला होता. फोन बरोबर नेला असता तर लॅपटॉप ऑफलाइन दिसला असता, आणि आमचा टीम लीड लगेच विचारतो, कुठे आहात मॅडम. म्हणून फोन टेबलावरच ठेवला. सासूबाई हॉलमध्ये शेंगा निवडत होत्या. त्यांना बजावलं, याला हात लावू नका, माझी नोकरी त्यावर चाललीय.

हायवेच्या खालून पलीकडे गेलं की दहा मिनिटांत वस्ती विरळ होते. डंपरची धूळ, मग अर्धवट कुंपण घातलेले प्लॉट, आणि त्यानंतर अचानक कापणी झालेली भातशेतं, समोर कर्नाळ्याचा सुळका. ऊन छान होतं. लग्न झाल्यावर पहिल्या थंडीत आम्ही दोघं याच बांधांवरून हिंडलो होतो. मी कुठलंही झुडूप उपटून "हा का?" विचारायचे आणि तो हसून लोळायचा बाकी होता. मी मूळची शहरातली, मला वाल आणि पावटा सारखेच. आता मला भांबुर्डा लांबून ओळखू येतो, आणि ते दाखवायला शेजारी माणूस नाही. फार वाटलं तेव्हा. भर दुपारी बांधावर उभी राहून मी त्याला मोठ्याने हाक मारली. ऐकायला गुरंसुद्धा नव्हती, म्हणून बरं.

एका पडीक तुकड्यात भांबुर्डा मिळाला, चांगला दोन पोपट्यांना पुरेल इतका. थोडा चुरगाळून हुंगला आणि लगबगीने परतले.

दार उघडलं तर सासूबाई टेबलाशी उभ्या. फोन येऊन गेला होता. स्क्रीनवर मुलाचा फोटो दिसला आणि त्यांनी उचलला.

"मार्चात येल," त्या म्हणाल्या. त्याच्या जागी जाणारा माणूस आजारी पडला होता, म्हणून याला आणखी दोन महिने थांबवलं होतं. म्हणजे पोपटी गेली. मी चिडले. पोपटीसाठी नाही, फोनसाठी. मला जी दहा मिनिटं मिळायची तीही गेली होती. हात लावू नका म्हटलं होतं ना, असं मी फाडकन बोलले. उचललात तर उचललात, तिला यायला वेळ आहे, मग कर, एवढं तरी सांगायचं!  त्या शेंगांची परात उचलून आत गेल्या. मी मिक्सरवाल्या बाईंना आणखी एकदा लवकरच पोहोचेल म्हणून कळवलं आणि डोळे पुसले.

संध्याकाळी लॉग आउट केलं तेव्हा त्या येऊन माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. तोंड खिडकीकडे.

"बाय, मी बोलनार होतू, बाला, मी हाय म्हनून. पन तो आदीच बोल्ला, काय बोलू नको. नुसती फोनवर रा. तुजा श्वास आयकू दे, हितं नुसता इंजिनचा आवाज हाय."

मी वळून पाहिलं नाही. तो नेहमी असंच म्हणतो. आमच्या दहा मिनिटांतली पहिली दोन अशीच जातात, आणि हे जगात कुणाला ठाऊक नव्हतं.

"मंग मी गप रायली," त्या म्हणाल्या. "त्याला वाटला, तूच हायस. बोल्ला, तुजा श्वास आयकला का मना घरी आल्यासारका वाटते."

 त्यांचा नवरा, माझे सासरे, जन्मभर उरणहून होडी घेऊन दर्यावर जायचे. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. मी त्यांना फोटोतच पाहिलंय.

"मी किनाऱ्यावर वाट बगत बसायची," त्या म्हणाल्या. "चार-चार दीस. होरी लागली का पयला इचारायचा, भाकरी झाली का. वायट नव्हता मानूस. पन असा मना कोनी कदी बोल्ला नाय."

मला दुपारचं माझं बोलणं आठवलं आणि माझीच मला लाज वाटली. माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांना ती नकोच होती. त्यांना काहीतरी मागायचं होतं, आणि ते त्यांनी खिडकीकडे बघतच मागितलं.

"पुन्यांदा फोन आला ना, मना बाजूला बसू दे. बोलनार नाय मी. नुसता आयकन."

मी हो म्हटलं, आणि बाजूची खुर्ची त्यांच्यासाठी ओढली.