पायाखालचा पेपर

“दादी को मार दो,” सर म्हणाला.

दादी म्हणजे मी. त्याच्या समोरच्याच खुर्चीत बसले होते. उजव्या पायाला पट्टी, पायाखाली गुजराती पेपर. मी आत आले तेव्हा सरने शिपायाला नुसतं माझ्या पायाकडे बोट दाखवलं होतं. शिपायाने पेपर उलगडला, फरशीवर टाकला आणि म्हणाला, “मासी, पैर इस पे.” मी ठेवला.

माझी नात हर्षाली शेजारी उभी होती. सर म्हणाला तसं तिने वहीत लिहून घेतलं. माझ्याकडे बघितलं नाही.

हर्षालीला डॉक्टर व्हायचंय. बारावीनंतरची परीक्षा पास झाली, पण सरकारी कॉलेजला मार्क कमी पडले. परदेशातल्या एका कॉलेजात गरीब घरच्या मुलांसाठी फीमाफीच्या पाच जागा आहेत. त्यासाठी मुलाखत होते, मोबाईलवर, इंग्रजीत. तू कोण, कुठल्या घरातली, डॉक्टर का व्हायचंय, असं विचारतात. हा सर त्याची तयारी करून घेतो. सुरतमध्ये वेसूला काचेच्या बिल्डिंगमध्ये त्याचं ऑफिस आहे. घरातलं मोठं माणूस घेऊन या, घरची माहिती लिहायची आहे, असा निरोप आला. मुलगा लूमवर, सून साड्यांच्या फोल्डिंगला. म्हणून नवागामहून रिक्षा करून मी गेले. चांगलं लुगडं नेसले होते.

सरने विचारलं, “डॉक्टर क्यों बनना है?”

हर्षालीने पहिल्यांदा खरं सांगितलं होतं. खरं असं आहे.

मी पलसाण्याच्या एका रंगाच्या मिलमध्ये बावीस वर्षं काम केलं. ओलं कापड ओढायचं. पायाखाली रंगाचं गरम पाणी. पुरुषांना गमबूट मिळायचे, बायांना नाही. बायांच्या मापाचे येत नाहीत म्हणायचे. ज्या रंगाचा माल त्या रंगाचे पाय. घरी जाऊन दगडाने घासले तरी निघायचा नाही. पुढे शुगर निघाली. पायाला जखम झाली ती कळलीच नाही, कारण पायाला काही कळायचंच बंद झालं होतं. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दोन बोटं काढली.

घरात पट्टी कोण करणार? मुलाने एकदा केली आणि मोरीत जाऊन ओकला. सून पदर नाकाला लावून दारात उभी. हर्षाली अकरा वर्षांची होती. सिव्हिलच्या सिस्टरला पट्टी करताना तिने दोनदा बघितलं होतं. तिने हात धुतले, पाणी उकळलं, बसली आणि केली. त्या दिवसापासून रोज. जुनी पट्टी सोडली की आधी ती नाकाजवळ धरून वास घेते. चौदा वर्षांची असताना एकदा आमच्या अहिराणीत म्हणाली, “आजी, आज वास न्यारा शे.” मला काही दुखत नव्हतं. मी म्हटलं, नाटकं नको. तिने बापाशी भांडून मला सिव्हिलला नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस गेले असते तर गुडघ्याखालचा पाय गेला असता. तिला विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, वासाने. डॉक्टर हसले नाहीत. तिला जवळ बोलावून जखम दाखवली, समजावून सांगितली. त्या दिवशी घरी येताना तिने मला सांगितलं, मला हेच करायचंय.

आता याच्यापेक्षा दुसरं काय सांगायचं?

पण सरने तोंड वाकडं केलं. “पट्टी, पस, बदबू, ये सब नहीं चलेगा. सुन के उल्टी आती है. सामने बड़े लोग बैठे होंगे.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “दादी को मार दो. गाँव में बीमार पड़ी, डॉक्टर नहीं था, तुम्हारी गोद में मर गई. बस. उसी दिन तुमने ठान लिया.”

हर्षाली हळू म्हणाली, “सर, दादी इधर बैठी है.”

“उधर कैमरे में थोड़ी बैठेगी?”

शिपाई हसला.

आमच्या आधी दोन पोरांचा सराव झाला होता. मी तिथेच बसून ऐकला. दोघांच्याही आज्या गावात डॉक्टर नाही म्हणून मेल्या. त्यातल्या एकाची आजी मी खाली बघून आले होते. गाडीत बसली होती, काचा लावून, गार हवेत. गरिबांच्या जागेसाठी तिलाही मारली. माझ्यासकट त्या सकाळी तीन आज्या गेल्या.

मग सराव सुरू झाला. हर्षाली इंग्रजीत बोलायला लागली. सर मध्येच थांबवायचा. “यहाँ रुको. गला भरना चाहिए. तीन सेकंद.” मोबाईलवर सेकंद मोजायचा. पोरीने तीनदा गळा भरून दाखवला. तिसऱ्यांदा चांगला भरला. सर म्हणाला, “वेरी गुड.”

मला किळस आली. माझ्या जखमेत एकदा अळी पडली होती, तेव्हाही अशी आली नव्हती.

मी विचारलं, “सर, मैं कौनसे गाँव में मरी?”

“मासी, बुरा मत मानो. बोलने की बात है.”

“गाँव का नाम तो बोलो.”

“कोई भी रख दो.”

तेव्हा मला मिल आठवली. तपासणीला साहेब येणार म्हटलं की सुपरवायझर पाय सडलेल्या बायांना बाजूला काढायचा आणि कापडाच्या ताग्यांच्या ढिगामागे उभं करायचा. साहेब जाईपर्यंत खोकायचं नाही. आम्ही सहा-सात जणी. भिंतीकडे तोंड. साहेब लिहून जायचे, सगळं ठीक. मी उभी राहायचे. किती वेळा उभी राहिले ते माझं मला माहीत. तोंडातून शब्द काढला नाही. पोटाला भ्यायचे.

आणि आता माझीच पोर मला ताग्यांमागे उभी करत होती. पोटासाठीच.

मी उठले. पट्टीतून पाणी झिरपलं होतं, पेपर पायाला चिकटून आला. मी भिंत धरली, वाकले, तो सोडवला आणि सरच्या काचेच्या टेबलावर ठेवला. ओली बाजू वर.

“आपका पेपर,” म्हटलं.

सर खुर्चीसकट मागे सरकला. शिपायाचं हसू गेलं.

लिफ्टमध्ये हर्षाली रडली. यावेळी सेकंद कोणी मोजत नव्हतं. “काय केलं तू हे? पाच जागा आहेत, आजी. पाच! तुला काय कळतं त्यातलं?”

“मी मरेल नही शे,” मी म्हटलं. “इतलंच कळस.”

दोन दिवस ती बोलली नाही. पट्टी मात्र दोन्ही दिवस केली. वास घेतला, मान हलवली, नवी बांधली. तिसऱ्या दिवशी पट्टी बांधता बांधताच म्हणाली, “खरं सांगितलं आणि नाही मिळाली जागा तर?”

“नाही तर नाही.”

“तुला सोपं आहे बोलायला.”

“सोपं नाही. पण ऐक. आज तू जितं माणूस मेलं म्हणून सांगशील. उद्या पेशंटच्या कागदावर सोयीचं लिहिशील. मिलमध्ये एक डॉक्टर यायचा. आमचे पाय न बघता फिट लिहायचा. तोसुद्धा कुठेतरी मुलाखत देऊनच झाला असेल.”

तिने गाठ मारली आणि उठून गेली. वहीतलं ते पान अजून फाडलेलं नाही. मी बघितलं. मला इंग्रजी येत नाही, पण पान ओळखता येतं.

गुरुवारी सकाळी मुलाखत आहे. आमची एकच खोली. मोबाईल टीव्हीच्या टेबलावर लावणार. तिच्या मागे माझी खाट आहे. सून म्हणाली, “आत्या, तेवढा वेळ शेजारी जाऊन बसा.” मी नाही म्हटलं. मी खाटेवर बसणार, पाय पुढे करून, मोबाईलला दिसेल असा. हर्षाली खरं बोलली तर मी गप्प बसेन. आजी मेली म्हणाली तर मी हिंदीत सांगेन, मी इथे आहे. जागा गेली तर जाऊ दे. मी तिला तोंडावर सांगितलंय. ताग्यांमागे मी पुन्हा उभी राहणार नाही, तिच्यासाठीही नाही.

चौथी शिकलेली, बावीस वर्षं रंगाच्या पाण्यात उभी राहिलेली, उजव्या पायाला तीन बोटं असलेली, नवागामच्या खोलीत राहणारी बाई. ती दादी मी आहे.