मिठाचं पाणी कुणी पाजलं

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईच्या शेवटच्या आजारपणात तिच्या उशाशी बसून होते, तेव्हाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगतेय — आणि ओळखत असाल तर असू द्या.

मी अंगणवाडी सेविका. सोलापुरात आमच्या वस्तीतल्या बाया मला 'मॅडम' म्हणतात. लेकराला भाजलं, नाकात शेंगदाणा अडकला, की आधी माझ्या दारात येतात. घरात अपघात झाला तर आईनं काय करावं, हे मी बैठका घेऊन शिकवते. चांगलं शिकवते म्हणतात. असेल.

माझी धाकटी जाऊ सुरेखा करकंब गावची, सातवी शिकलेली. तेव्हा आम्ही एकाच घरात राहायचो. तिची आरती तीन वर्षांची होती. एका सकाळी घरात आम्ही दोघीच होतो, तेव्हा मोरीतून किंकाळी आली. संडास धुवायचं ॲसिड पाण्याच्या बाटलीत होतं — फेरीवाला तसंच भरून देतो — ते पोरीनं तोंडाला लावलेलं. ओठ पांढरेफटक.

सुरेखा तिला उचलून दाराकडं पळाली. "अक्का, रिक्षा बगा की! तसंच दवाखान्यात नेऊ!"

मी तिला अडवलं. मी! म्हटलं, थांब, आधी ओकून बाहेर पडू दे. तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ कालवलं. "नको वो अक्का, घसा जळतोय तिचा" — ती सारखी म्हणत होती. मी ऐकलं का? पोरीचं नाक दाबून पाजलं, घशात बोट घातलं. ती ओकली. रक्त पडलं.

ॲसिड पोटात जाताना जाळतं, तसं वर येतानाही जाळतं. ओकारी काढायची नसते. प्रशिक्षणात एक अख्खी दुपार यावरच होती. त्या दुपारी मी कुठं होते? हजेरीवर सही करून नवी पेठेत नणंदेच्या लग्नाच्या साड्या बघत होते. प्रमाणपत्र मिळालंच. फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं.

पण एवढंच असतं तर — चूक झाली, असं तरी म्हणता आलं असतं. पुढचं ऐका.

दवाखान्यात डॉक्टर चिडले. "उलटी कुणी काढायला लावली?" तिथं दीर होते, सासूबाई होत्या, माझा नवरा होता. सुरेखा पोरीचे पाय धरून उभी. मी म्हणाले — माझा आवाजही कापला नाही हो — "तिच्या आईनं. मी नको म्हणत होते."

सुरेखानं माझ्याकडं बघितलं. "म्या न्हाय पाजलं," एवढंच म्हणाली. दिरानं सगळ्यांदेखत तिच्या कानाखाली वाजवली. तेव्हा मी मध्ये पडले. "जाऊ द्या भावजी, अडाणी आहे ती." ऐकलंत? मी तिची बाजू घेतली!

आरती वाचली. अन्ननलिका मात्र आतून आक्रसली. दर काही महिन्यांनी नळी घालून ती रुंद करून घ्यायची, आणि घरी कुस्करलेला भात, दुधात भिजवलेली भाकरी. शाळेत पोरगी डबा एका कोपऱ्यात बसून खायची. कुणी ठसका ऐकू नये म्हणून.

आणि मी? मी बैठकांत उदाहरण द्यायला लागले. "आमच्याच घरात एका आईनं अडाणीपणानं काय केलं, ऐका..." बाया हळहळायच्या. एकदोनदा सुरेखाही मागं बसलेली होती. मला भीती वाटली का? नाही. तिचं कुणी खरं मानणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिलाही होतं.

गेल्या महिन्यात आरतीला अठरा पूर्ण झाली. केकचा एवढासा घास घशात अडकला, पाहुण्यांसमोर परत आला. डोळ्यांत पाणी, तोंडाला ओढणी — आणि पोरगी आईवर ओरडली, "तुझ्यामुळं झालंय हे! काकूचं ऐकलं असतंस तर?"

सुरेखा उठली. फडकं आणून फरशी पुसायला बसली. आरती रडत माझ्या कुशीत शिरली.

मी तिला जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरवत राहिले, आणि म्हणाले, "जाऊ दे बाळा, आईला माफ कर."